खिशातला राजीनामा

जालना जिल्ह्याचा जन्मच एका मुदतपूर्व निवडणुकीतून झाला. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्रात नव्याने आलेल्या इंदिरा गांधींच्या सरकारने शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) मंत्रिमंडळ बरखास्त केले आणि जेमतेम दोन वर्षांची विधानसभा मोडीत निघाली. मे महिन्यात पुन्हा मतदान झाले, काँग्रेस (आय) ला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या आणि बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १ मे १९८१ रोजी, औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतले परतूर असे तालुके जोडून नवा जिल्हा झाला. त्यामुळे मध्यावधी म्हणजे निव्वळ खर्च आणि खोळंबा, एवढेच म्हणून जालन्याला मोकळे होता येणार नाही. पण जिल्हा दिला तो निवडणूक जिंकलेल्यांनी. ज्यांनी आधी एखादे सरकार पाडले किंवा पडू दिले, आणि पाच वर्षांच्या मुदतीआधीच लोकांना मतपेटीकडे आणले, त्या लहान पक्षांचे पुढे काय झाले? जालन्याच्या लोकसभा मतदारसंघाचा गेल्या ४५ वर्षांचा हिशेब मांडला तर उत्तर बरेच स्पष्ट दिसते. सरकार पाडण्याची ताकद लहान पक्षाच्या हातात असते, ती न वापरता ठेवली तोवरच. एकदा वापरली की पुढचा डाव त्याचा राहत नाही. निवडणूक अवचित आली की ती अशाच पक्षाला सोसते, ज्याची माणसे निवडणूक नसतानाही रोज कुठल्या तरी कामाने गावोगाव फिरत असतात.

पहिला दाखला १९७९ चा. १९७७ च्या लाटेत जालन्याने भारतीय लोकदलाच्या चिन्हावर, म्हणजे जनता पक्षाचे म्हणून, पुंडलिक हरी दानवे यांना निवडून दिले होते. त्या लोकसभेत यशवंतराव चव्हाण विरोधी पक्षनेते होते. जुलै १९७९ मध्ये त्यांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. जनता पक्ष आतून फुटलेलाच होता. मोरारजींनी १५ जुलैला राजीनामा दिला, २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले आणि चव्हाण उपपंतप्रधान. चव्हाणांना निवडणूक नको होती, त्यांना दुसरे सरकार हवे होते. पण काँग्रेस (आय) ने दिलेला पाठिंबा महिनाभरही टिकला नाही. २० ऑगस्टला चरणसिंगांनी लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा दिला. जानेवारी १९८० मध्ये, हुरड्याच्या दिवसांत, जालन्यात मतदान झाले, आणि दानवेंची जागा काँग्रेस (आय) च्या बाळासाहेब पवारांकडे गेली. राज्यातल्या ४८ पैकी ३९ जागा त्या पक्षाला मिळाल्या. चव्हाणांच्या काँग्रेसला महाराष्ट्रात एकच जागा मिळाली, ती साताऱ्याची, खुद्द त्यांची. महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्याच्या, देशाच्या संरक्षण आणि अर्थ खात्यांची धुरा वाहिलेल्या माणसाच्या पक्षाची ही गत झाली. यात त्यांच्या हेतूचा दोष काढण्याचे कारण नाही. ठराव कोणी मांडायचा हे आपण ठरवू शकतो. ठराव मांडल्यावर उरलेले सगळे पक्ष काय करतील हे आपण ठरवू शकत नाही, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेतच लहान पक्ष चिरडला जातो.

चार महिन्यांनी विधानसभेतही तेच झाले. पुलोदमध्ये जनता पक्षाबरोबर शेतकरी कामगार पक्ष होता, एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख मंत्री होते. या पक्षांनी निवडणूक ओढवून घेतली नव्हती, ती त्यांच्यावर लादली गेली. तरीही आकडे बोलके आहेत. शेकापच्या १३ जागांच्या ९ झाल्या, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या ९ च्या २, आणि १९७८ मध्ये ९९ आमदार असलेला जनता पक्ष १७ वर आला. त्यातून नुकताच वेगळा झालेला भाजप १४ वर राहिला. म्हणजे दोष कोणाचा, हे मतदार फारसे बघत नाही. अवेळी आलेल्या निवडणुकीत तो विस्कटलेल्यांना सोडून एकसंध दिसणाऱ्याकडे जातो.

जालन्याच्या बाबतीत हीच गोष्ट दहा वर्षांनी जवळपास तशीच घडली. १९८९ मध्ये पुंडलिक हरी दानवे पुन्हा निवडून आले, आता भाजपचे म्हणून. महाराष्ट्रात भाजपला १० आणि जनता दलाला ५ जागा मिळाल्या. विश्वनाथ प्रताप सिंगांचे सरकार भाजपने बाहेरून तोलून धरले होते; तो पाठिंबा काढल्यावर ७ नोव्हेंबर १९९० रोजी ते पडले. चंद्रशेखर यांनी जनता दलातून फुटलेल्या साठेक खासदारांना घेऊन, काँग्रेसच्या टेकूवर, चार महिने कारभार केला. मार्च १९९१ मध्ये तेही गेले. १९९१ च्या निवडणुकीत जालन्याची जागा काँग्रेसचे अंकुशराव टोपे यांनी घेतली. राज्यात भाजपच्या १० च्या ५ झाल्या आणि जनता दलाला एकही जागा उरली नाही. देशभरात चंद्रशेखर यांच्या पक्षाचे पाच खासदार निवडून आले.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. एक असा की १९९१ च्या निकालावर राजीव गांधींच्या हत्येची छाया होती. २१ मेच्या त्या रात्रीनंतर उरलेले मतदान जूनवर गेले, आणि सहानुभूतीच्या लाटेचे खापर मध्यावधीवर फोडणे बरोबर नाही. हे अर्धे खरे आहे. लाटेने काँग्रेसच्या जागा वाढल्या असतील, पण जनता दल महाराष्ट्रातून साफ पुसले गेले ते केवळ लाटेने नाही. दीड वर्षात त्या पक्षाची दोन शकले झाली होती, आणि गावपातळीवर आपला उमेदवार नेमका कोणत्या गटाचा हे कार्यकर्त्यालाच सांगता येत नव्हते. दुसरा आक्षेप अधिक अवघड. ज्या भाजपने पाठिंबा काढला तो देशभरात ८५ वरून १२० वर गेला. मग सरकार पाडणाऱ्याला किंमत मोजावी लागते हे कुठे सिद्ध झाले? उत्तर असे की भाजप १९९१ मध्ये उत्तर प्रदेशात लहान पक्ष राहिलेला नव्हता, महाराष्ट्रात होता. एकाच पक्षाला एकाच निर्णयाचे एका राज्यात फळ मिळाले आणि दुसऱ्या राज्यात चटका बसला. लहान कोण हे दिल्लीतल्या खासदारांच्या संख्येवर ठरत नाही, प्रत्येक मतदारसंघात वेगळे ठरते. जालन्यात तेव्हा भाजपकडे उमेदवार होता, निष्ठावान मतदार होता, पण काँग्रेसकडे होते तसले बळ अजून उभे राहायचे होते.

हे बळ म्हणजे काय, ते जालन्यात डोळ्यांनी दिसते. टोपे यांच्या पुढाकाराने अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मत्स्योदरी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालये निघाली. उसाची टोळी ठरवायची, सभासदाची बिले काढायची, शिक्षक नेमायचे, सोसायटीचे कर्ज नवेजुने करायचे, बाजार समितीत पॅनल उभे करायचे, या कामांसाठी वर्षाचे बाराही महिने माणसे गावागावांत जातात. निवडणूक लागली की तीच माणसे बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसतात. त्यांना वेगळे शोधावे लागत नाही, जीप वेगळी ठरवावी लागत नाही, मतदारयादीतले कोणते घर पुण्याला गेले आणि कोणते परत आले हे त्यांना पाठ असते. नंतर भोकरदनकडे रावसाहेब दानवे यांनी सिपोरा बाजारला रामेश्वर कारखाना काढला, ती वाट हीच होती. ज्या पक्षाकडे यातले काहीच नाही, रिपब्लिकन पक्षाचे गट असोत, शेकाप असो, डावे असोत, त्याला निवडणूक लढवायची तर दर वेळी सगळे शून्यापासून जमवावे लागते. त्याला पाच वर्षे लागतात ती म्हणूनच. वेळ हेच त्याचे भांडवल, आणि मध्यावधी नेमके तेच खाऊन टाकते.

१९९६ ते १९९९ हा काळ तर लहान पक्षांसाठी जातेच होता. साडेतीन वर्षांच्या आत लोकसभेच्या तीन निवडणुका: एप्रिल-मे १९९६, फेब्रुवारी १९९८, सप्टेंबर १९९९. १९९६ मध्ये लोकसभेच्या खुल्या उमेदवाराचे डिपॉझिट ५०० रुपये होते. त्या निवडणुकीनंतर कायदा बदलला आणि ते थेट १०,००० झाले. एकूण मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही तर ते जप्त. मोठ्या पक्षाला याचे काही वाटले नाही; पण राज्यात वीस-पंचवीस जागा लढवून आपले मत टिकवू पाहणाऱ्या पक्षाला एकाएकी दोन-अडीच लाख रुपये नुसते अर्जांसोबत भरावे लागणार होते, आणि ते परत मिळण्याची आशा थोडी. पत्रके, भोंगे, गाड्यांचे डिझेल याचा हिशेब त्यानंतरचा. १९९८ ला वर्गणी दिलेल्या माणसाकडे १९९९ ला पुन्हा पावतीपुस्तक घेऊन जाणे किती जड जाते, हे पक्षाचे काम केलेला कोणीही सांगेल.

त्या काळातला रिपब्लिकन पक्षाचा अनुभव मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. १९९८ मध्ये काँग्रेसशी समझोता करून एकत्र आलेल्या रिपब्लिकन नेत्यांनी महाराष्ट्रातून चार जागा जिंकल्या: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले, अमरावतीतून रा. सू. गवई आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. खुल्या मतदारसंघांतून आंबेडकरी चळवळीचे चार खासदार एकाच वेळी, ही साधी गोष्ट नव्हती. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. एका मताचा फरक म्हणजे विरोधात गेलेले प्रत्येक मत निर्णायक, या चारांचेही. त्यांनी त्यांच्या भूमिकेप्रमाणे मत दिले आणि ते देणे त्यांना चुकवता आले नसते. पण पर्यायी सरकार बनले नाही. समाजवादी पक्षाने काँग्रेसला साथ दिली नाही, लोकसभा विसर्जित झाली, आणि जूनमध्ये काँग्रेसच दुभंगली. १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. ज्या एका मोठ्या झाडाला चार वेली धरून होत्या ते झाडच चिरले. १३ व्या लोकसभेत चारांपैकी दोघेच परत आले, आंबेडकर अकोल्यातून आणि आठवले पंढरपुरातून. दीड वर्षात चाराचे दोन झाले, आणि एकजुटीची गोष्ट कायमची मागे पडली. दक्षिणेत ज्या अण्णा द्रमुकने पाठिंबा काढून हे सरकार संकटात आणले, त्याचेही १८ चे १० झाले.

आता जालन्याचाच आधार घेऊन कोणी विचारेल की १९९८ आणि १९९९ या दोन्ही अवेळी निवडणुकांत भाजपने जालना कसे राखले? १९९६ ला उत्तमसिंग पवार निवडून आले होते. १९९८ ला काँग्रेसने राज्यात ३३ जागा मिळवल्या तेव्हाही ते टिकले. भाजपच्या राज्यातल्या अवघ्या चार जागांत एक जालन्याची होती. १९९९ ला रावसाहेब दानवे आले आणि पुढे २०२४ पर्यंत राहिले. हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरोधात नाही, त्याच्या बाजूचा आहे. १९९१ नंतरच्या सात वर्षांत जालन्यात शिवसेना-भाजप युती हीच एक मोठी फळी झाली होती. दानवे स्वतः भोकरदनचे दोन वेळचे आमदार होते. लहानाचा मोठा झालेल्या पक्षाला मध्यावधी बाधली नाही. उलट त्याच सप्टेंबर १९९९ मध्ये, पोळ्याच्या आगेमागे, लोकसभेबरोबरच विधानसभेचे मतदान झाले. नारायण राणे यांच्या सरकारने मुदतीच्या काही महिने आधीच विधानसभा विसर्जित करण्याचा निर्णय घेतला होता. सत्तेत असलेल्यांनी आपल्या हाताने ओढवून घेतलेली ही निवडणूक. तीत युतीला सत्ता गमवावी लागली. जालन्यात १९९० पासून शिवसेनेकडे असलेली विधानसभेची जागा काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांनी घेतली. म्हणजे एकाच गावातल्या एकाच मतदाराने एका यंत्रणेला दिल्लीसाठी हो म्हटले आणि मुंबईसाठी नाही.

राष्ट्रवादी काँग्रेसचे उदाहरणही पुढे केले जाते: पक्ष तीन महिन्यांचा, तरी ५८ आमदार. पण त्याला लहान पक्ष म्हणणे म्हणजे नावावर फसणे होय. अंबडमधून त्या वेळी पहिल्यांदा निवडून आलेले राजेश टोपे यांच्या मागे अंकुशनगरचा कारखाना होता. पक्षाची पाटी नवी, पण कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा जुन्याच.

याउलट एका लहान पक्षाने जालना जिंकल्याचे उदाहरणही इथेच आहे, आणि ते आता फार थोड्यांना आठवते. १९५७ ला काँग्रेसचे सैफ तय्यबजी जालन्यातून लोकसभेवर गेले. त्यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत शेकापचे अंकुशराव घारे निवडून आले. काँग्रेसच्या भरात, मराठवाड्यात. पोटनिवडणूक आणि मध्यावधी यांतला फरक यावरून नीट कळतो. एकाच जागी लढत असली की लहान पक्षाला राज्यभरातला आपला चांगला वक्ता, चांगला कार्यकर्ता आणि असेल तो पैसा तिथे आणता येतो. अवचित सार्वत्रिक निवडणूक लागली की तो वक्ता स्वतःच्या गावात स्वतःच्या जागेसाठी अडकलेला असतो. लहान पक्षाने लढाई निवडायची तर ती अशी निवडावी, हे १९५७ नंतरच्या जालन्याने दाखवून दिले होते.

या युक्तिवादावर सर्वांत गंभीर हरकत नैतिक आहे. सरकार लोकांना नकोसे झाले असेल, तर केवळ आपल्या जागा कमी होतील या भीतीने ते चालू ठेवणे म्हणजे मतदाराशी प्रतारणा नव्हे काय? राममनोहर लोहियांना हा प्रश्न रास्त वाटला असता. पण लोहिया ज्या लोकसभेत पहिल्यांदा आले त्याच लोकसभेत, ऑगस्ट १९६३ मध्ये, आचार्य कृपलानींनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव मांडला. तो पडणार हे उघड होते, आणि ६२ विरुद्ध ३४७ असा पडलाही. तरी चीन युद्धानंतरच्या नेहरू सरकारला देशापुढे उभे राहून जबाब द्यावा लागला. सरकारला धारेवर धरणे आणि सरकार पाडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली करताना लहान पक्षाचे काही जात नाही. जे करायचे ते पाच वर्षे रोज करावे लागते, एवढेच. दुसरीकडे, भीतीने गप्प बसणे हाही उपाय नाही. २०१४ ते २०१९ या काळात शिवसेना राज्यात सत्तेत असूनही विरोधी पक्षासारखी बोलत होती, आणि मंत्र्यांचे राजीनामे खिशात असल्याचे वारंवार सांगितले गेले. त्या वेळी भाजपचे प्रदेशाध्यक्ष जालन्याचे रावसाहेब दानवे होते आणि शिवसेनेचे राज्यमंत्री जालन्याचेच अर्जुन खोतकर. मध्यावधीची चर्चा मुंबईत होई, पण तिचे दोन्ही धनी या एका शहरात भेटत. राजीनामे शेवटपर्यंत खिशातून बाहेर आले नाहीत. खिशातल्या राजीनाम्याचे वजन पहिल्या वर्षी जेवढे होते तेवढे चौथ्या वर्षी राहिले नाही, हे मान्य केले पाहिजे. पण ते बाहेर काढले असते तर ६३ आमदारांच्या पक्षाने १२२ च्या पक्षाशी एकट्याने पुन्हा लढायचे होते, हेही तितकेच खरे.

एकट्याने अवचित लढणे काय असते हे त्या पक्षाला २०१४ मध्ये नुकतेच कळले होते. २५ सप्टेंबरला युती तुटली. अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबर, दुपारी तीन वाजेपर्यंत. जवळपास निम्म्या जागांवर वर्षानुवर्षे न लढलेल्या दोन्ही पक्षांना दोन दिवसांत उमेदवार शोधायचे, एबी फॉर्म पोहोचवायचे, सूचक मिळवायचे होते. जालना विधानसभेत त्या निवडणुकीत खोतकर गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहिले. गोरंट्याल न्यायालयात गेले: खोतकरांचा अर्ज तीननंतर दाखल झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतले व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निवड रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि १४ जुलै २०२० रोजी, ती विधानसभा संपून गेल्यावर, अपील फेटाळले. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते की नाही यावर आता देशभरातल्या कोर्टांत जो निवाडा दाखवला जातो, तो हाच जालन्याचा. मुदतीचा एक तास सहा वर्षे पुरला. मोठा पक्ष असल्या खटल्यातून सावरतो. ज्याच्याकडे एकच उमेदवार आणि एकच वकील आहे तो सावरत नाही.

त्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत, २०२४ च्या नोव्हेंबरात हाच हिशेब पुन्हा मांडला गेला. निवडणूक मुदतीतलीच होती, पण प्रश्न जुना होता: ताकद वापरायची की राखायची. मे-जूनच्या लोकसभेत मराठा आंदोलनाने जालन्याचे गणित बदललेले सर्वांनी पाहिले होते. एका अपक्षाला दीड लाखाहून अधिक मते पडली होती आणि दानवे एक लाख नऊ हजारांहून अधिक मतांनी हरले होते. विधानसभेला त्या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी उमेदवार उभे करायचे ठरवले, अर्ज भरले गेले. ४ नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळी, एका जातीच्या बळावर लढता येणार नाही असे सांगून त्यांनी लढतीतून माघार जाहीर केली. अर्ज काढून घेण्याची मुदत त्या दिवशीही दुपारी तीनचीच होती. तीन आठवड्यांनी जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीकडे गेल्या.